माझ्या बाकावर आत्या

शिष्यवृत्ती मिळवणं सोपं असतं. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, बँकेचं पासबुक, आधार कार्ड आणि तहसीलसमोरच्या झेरॉक्सवाल्याशी थोडी ओळख, एवढ्यावर भागतं. टिकवणं मात्र अवघड असतं, आणि हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. माझी आपली समजूत अशी की एकदा सरकारने आपल्याला हुशार आणि गरीब ठरवलं की विषय संपला. दरवर्षी परत परत काय विचारायचं? मुलगी पसंत आहे का, हे सुद्धा लोक एकदाच विचारतात.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. मार्च महिना. हिंगोलीच्या आमच्या कॉलेजात सूचना फलकावर एक यादी लागली. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘हजेरी अपुरी असलेले शिष्यवृत्तीधारक’, आणि खाली लाल शाईने रोल नंबर. माझा सत्तेचाळीस नंबर वरून तिसरा होता. त्याच्यापुढे एकाहत्तर टक्के. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात लाल शाई. मी तशीच तरातरा ऑफिसात गेले.

शिष्यवृत्तीचं काम बघणारे बाबू पन्नाशीचे होते. ते अडकित्त्याने सुपारी कातरत होते आणि माझ्यासारख्या पोरी रोज बघून त्यांना आमच्या रागाचं काहीच वाटेनासं झालं होतं.

“तीन गोष्टी असतात, बाई,” ते म्हणाले. “एक, पंच्याहत्तर टक्के हजेरी. दोन, सगळे पेपर सुटले पाहिजेत. तीन, मधी एकबी वर्ष गॅप नको. यातलं एक हुकलं की पुढच्या वर्षीचा फॉर्म उघडतच न्हाई.”

“चारच टक्के कमी आहेत, सर. चार टक्क्यांनी काय होतं?”

“मला काहीच तकलीफ न्हाई. मी तर साठलाबी घेतलं असतं. पण ते पोर्टल हाये. त्याला आई न्हाई, बाप न्हाई, दया कुठून येईल?”

असं म्हणून त्यांनी सुपारीची खांड तोंडात टाकली आणि माझं प्रकरण संपवलं.

आता ही शिष्यवृत्ती गेली असती तर काय झालं असतं, ते सांगते. माझं गाव कुरुंदा. मी राहायचे हिंगोलीला मुलींच्या वसतिगृहात, आणि तिथली खाट शिष्यवृत्तीला बांधलेली होती. शिष्यवृत्ती बंद तर खाट बंद. खाट बंद तर रोज एसटीने जाऊन येऊन शिकणं, आणि ते बाबांना मान्य नव्हतं. बाबा वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला कधी शिकू नको म्हटलं नाही. पण त्यांचं म्हणणं साधं होतं: सरकार शिकवतंय तोवर शीक, नाही तर घरी बसून बाहेरून परीक्षा दे. आता ‘बाहेरून परीक्षा देणे’ म्हणजे काय, हे आमच्या गावातल्या प्रत्येक पोरीला माहीत असतं. माझ्या दोन चुलत बहिणी बाहेरून परीक्षा देत होत्या. एकीची पुस्तकं लोखंडी पेटीवर होती आणि त्यावर शिलाई मशीन होतं. दुसरीची पुस्तकं कुठे होती ते तिलाही आठवत नव्हतं. मला भीती वाटत होती ती या पेटीची.

हजेरी का बुडाली, तर हळदीमुळे. आमच्याकडे सगळंच हळदीमुळे होतं. लग्नं हळद विकल्यावर ठरतात, घराला रंग हळदीनंतर लागतो, कुणी आजारी पडलं तरी डॉक्टर विचारतात, हळद झाली का? होळीच्या आगेमागे हळद काढायची, गड्ड्यांपासून हळकुंडं मोडून वेगळी करायची, मग वाफेवर शिजवायची आणि उन्हात पसरायची. शिजवायचा कुकर ट्रॅक्टरमागे लावून येतो आणि गावात त्याचा नंबर असतो. आपला नंबर आला की घरात जो असेल नसेल त्याने शेतात जायचं. नंबर हुकला तर कुकर पुढच्या शिवारात जातो आणि तुमची हळद तुमच्याकडे बघत बसते. बाबांचा फोन यायचा, “नंबर आलाय, ये.” की मी पिशवी भरायची.

बरं, आपली हळद शिजवून सुटका होत नाही. पुढे सावड असते. मजूर मिळत नाहीत, म्हणून चार घरं मिळून एकमेकांकडे काम करतात. तुमच्या हळदीला आमच्या घरची दोन माणसं दोन दिवस आली, तर आमच्या हळदीला तुमच्या घरची दोन माणसं दोन दिवस. माणूस कोणतं, हे कुणी बघत नाही. बाप गेला नाही तर लेक जाते, लेक नसेल तर सून जाते. एकदा तर सोयरिकीचं बोलायला आलेला पाहुणा दुपारपर्यंत शेजाऱ्यांकडे हळकुंडं मोडत बसला होता, आणि तो दिवस आमच्या घराच्या नावावर बरोबर धरला गेला. सोयरीक जमली नाही, पण सावड फिटली.

यादी लागली त्या शनिवारी मी घरी आले. रविवारी संध्याकाळी शेजारच्या काकांचा निरोप आला की सोमवारी-मंगळवारी त्यांच्याकडे कुकर आहे आणि आमच्या घरची दोन माणसं लागतात. आमच्या हळदीच्या वेळी आईच्या हातावर वाफ आली होती, तिच्या हाताला पट्टी होती. आत्याचा गुडघा दुखायचा, आणि काम होतं ते शिजलेल्या हळदीची टोपली उचलून उन्हात नेऊन टाकण्याचं. म्हणजे उरलो बाबा आणि मी.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचं सासर हट्टा गावचं. नवरा लवकर गेला आणि ती माझ्या जन्माच्या आधीच माहेरी परत आली. तेव्हापासून आमचं घर तीच चालवते. आई तिला विचारून मीठ घालते आणि बाबा तिला न विचारता काही केलं तर तिच्यापासून लपवतात. शाळा तिची चौथीनंतर सुटली, कारण पाचवी दुसऱ्या गावात होती.

मी जेवताना भडकले. “मी दोन दिवस इथे राहिले तर एकाहत्तरचे सत्तर होतील. मग बसा सगळे माझी पुस्तकं पेटीवर ठेवून.”

बाबा खाली मान घालून जेवत राहिले.

आत्याने विचारलं, “थितं हजेरी कोन घेतं?”

“मॅडम घेतात.”

“तोंड बघून घेतात का नाव पुकारून?”

“नंबर पुकारून. माझा सत्तेचाळीस.”

“आनि मोजतात काय? बाकावर मानूस हाये का न्हाई, हेच ना?”

“हो.”

“मंग घरचं दुसरं मानूस गेलं तर काहून चालत न्हाई?”

मी ताट पुढे सरकवलं. “चालतं! का नाही चालत? उद्या तूच जा आणि बस माझ्या बाकावर!”

आत्याने खाली बघत भाकरी मोडली. मला वाटलं, ओशाळली. खरं म्हणजे ती मनातल्या मनात गाड्यांच्या वेळा जुळवत होती.

सोमवारी सकाळी ती आंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून, चष्मा लावून तयार. म्हणाली, हिंगोलीला गुडघा दाखवून येते. बायांना अर्ध्या तिकिटात एसटी झाल्यापासून तिचे सगळे आजार हिंगोलीलाच बरे व्हायचे, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. संध्याकाळी परत आली ती खुशीत. डॉक्टरकडे लई गर्दी होती, नंबर लागला न्हाई, उद्या परत जावं लागतंय, असं सांगून तिने भाकऱ्या थापायला घेतल्या. दिवसभर टोपली वाहून माझी मान आखडली होती. तिचा गुडघा कसा आहे हे विचारायचं मला सुचलंही नाही.

मंगळवारी दुपारी मी डोक्यावर टोपलं घेऊन उभी असताना कमरेला खोचलेला फोन वाजला. टोपलं रिकामं करून पिवळ्या बोटांनी मी फोन उघडला. वसतिगृहात माझ्याच खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीने फोटो पाठवला होता. ती माझ्याच वर्गात होती. फोटो आमच्या वर्गाचा, मागून काढलेला. पहिल्या बाकावर, फळ्याच्या अगदी समोर, एक अंबाडा, एक हिरवं लुगडं आणि आमची भाजीची पिशवी. खाली तिने लिहिलं होतं, “ही खरंच तुझी आत्या आहे का? कालपण आली होती. आम्हाला वाटलं तपासणीवाल्या मॅडम आहेत.”

मी कुकरच्या वाफेत उभी होते तरी मला थंडी वाजली.

मग कळलं ते असं. त्या महिन्यात कॉलेजात तपासणी समिती येणार होती आणि सगळे सर-मॅडम दबकून होते. सोमवारी सकाळी चष्मा लावलेली, कडक चेहऱ्याची एक बाई कुणाशी न बोलता वर्गात येऊन पहिल्या बाकावर बसली आणि तिने वही उघडली. बातमी स्टाफरूमपर्यंत पोचायला दोन मिनिटं लागली असतील. इतिहासाचे सर, जे एरवी वर्गात आले तरी दहा मिनिटं नोट्स सांगून निघून जायचे, त्यांनी पूर्ण तासभर शिकवलं. फळा स्वतः पुसला. नकाशा आणला. शिपायाने आत्याला पाणी दिलं आणि थोड्या वेळाने बशीत चहा. आत्याने चहा प्यायला आणि ‘बिस्कुट न्हाई का’ असंही विचारलं. बिस्किट आलं. सरांनी सोमवारी हजेरीच घेतली नाही, त्यांना शिकवण्याच्या नादात भान राहिलं नाही. म्हणून आत्याला मंगळवारी परत जावं लागलं. आपलं काम झालं नाही असं तिला वाटत होतं.

मंगळवारी भूगोलाच्या मॅडमचा तास होता. या मॅडम कुणाला घाबरत नसत, समितीलाही नाही. त्या आधी हजेरी घेत आणि प्रत्येक नंबरला मान वर करून तोंड बघत. माझ्या मैत्रिणीने माझ्यासाठी एकदा ‘हजर’ म्हणून बघितलं होतं आणि तासभर उभी राहिली होती. तर मॅडमनी पुकारलं, “सत्तेचाळीस.”

“हजर!” आत्या म्हणाली. शेतात पलीकडच्या बांधावर हाक मारताना जेवढा आवाज लागतो तेवढ्या आवाजात.

मॅडमनी मान वर केली. “तुम्ही?”

“मी तिची आत्या. लेकरू सावडीला गेलंय. घरचं मानूस आलं ना, लावा हजेरी.”

वर्ग असा हसला म्हणे की बाहेरची पोरं खिडकीशी आली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन वहीत ठेवलं, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “मावशी, हजेरी नाही लावता येणार. पण बसायचं असेल तर बसा.”

आत्या बसली. पूर्ण तास. नंतरच्या तासालाही.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मी ओसरीवर वाटच बघत होते. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, मला अजून लाज वाटते. पण एक वाक्य लिहिलं पाहिजे. मी म्हणाले, “चौथी शिकलेल्या बाईने कॉलेजात जाऊन बसायचं असतं का? हसली सगळी पोरं तुला. मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस.”

ती पायरीवर बसून चपलेचा बंद सोडत होती. म्हणाली, “हसली खरी. लेकरं हायेत ती, हसनारच.” मग आत गेली, हातपाय धुतले आणि तिथून म्हणाली, “चहा चांगला देतात तुमच्या कॉलेजात.”

मला दोन वर्षांत त्या कॉलेजात कुणी पाणी विचारलं नव्हतं.

तिने वहीही आणून दिली. ‘तुझं बुडायला नको म्हून समदं लिवून आनलं.’ आणि खरोखर समदं लिहिलं होतं. चौथीपर्यंतच्या सुवाच्य, सुट्या सुट्या अक्षरात, मॅडम जे जे बोलल्या ते. ‘नदी डोंगरातून निघते. पंखा बंद करा. ती गाळ आणते. मागच्या बाकावर कोण बोलत आहे. गाळाने जमीन होते. खडू संपला.’ पुढे दोन पानं नदी, गाळ आणि मागच्या बाकावरची पोरं. मी वही वाचली आणि बाजूला फेकली. इतकी चिडलेली होते की हसूही आलं नाही.

बुधवारी मी कॉलेजात गेले ती मान खाली घालून. पहिल्याच तासानंतर मॅडमनी स्टाफरूममध्ये बोलावलं. मी वाटेतच माफीची वाक्यं जुळवली. आमच्या घरच्या अडाणी आहेत, त्यांना कळत नाही, पुन्हा असं होणार नाही. पहिलं वाक्य मी म्हटलंसुद्धा. मॅडमनी हात वर केला.

“अडाणी? तुला माहीत आहे का त्या काय बोलून गेल्या?”

मला माहीत नव्हतं.

काल सगळे तास संपल्यावर आत्या मॅडमना शोधत स्टाफरूमपर्यंत गेली होती. आधी तिने विचारून घेतलं की एका माणसाची हजेरी दुसऱ्याने भरता येत नाही हे नक्की का. नक्की, असं कळल्यावर तिने ते मान्य केलं. मग म्हणाली, “मंग तिचीच हजेरी तिनंच भरायची. पन दिस तर संपून गेले. आमच्यात दिस बुडाला तर मानूस दुसरा दिस देतं. तुमी जास्तीचे दिस काहून देत न्हाई? तुमी शिकवा, ती बसंल. तुमी दिलेल्या दिसाची सावड मी फेडते. वाळवनाचे दिस हायेत, तुमच्या घरी येऊन पापड करते, शेवया करते. काय म्हनान ते.”

मॅडम मला म्हणाल्या, “नियमात जादा तास आहेत. हजेरी कमी असलेल्यांसाठी घेता येतात आणि ती हजेरी धरली जाते. दहा वर्षं शिकवते मी. आजपर्यंत एकानेही येऊन ते मागितले नाहीत. ज्यांची हजेरी कमी असते ते जादा तास कशाला मागतील?”

मग त्यांनी चष्मा पुसला. “उद्यापासून सकाळी सात वाजता. दोन आठवडे. यादीतल्या सगळ्यांना सांग. आणि आत्यांना सांग, पापड-बिपड काही नको.”

मी बाहेर आले आणि जिन्यात बसले. काल संध्याकाळी मी आरडाओरडा करत होते तेव्हा हे सगळं तिने करून झालेलं होतं. तिला एक शब्द सांगता आला असता, की गप बस, तुझं काम करून आलेय. तिने सांगितलं नाही. ती म्हणाली चहा चांगला होता. मला रडू आलं, आणि आमच्या घरात माफी मागायची पद्धत नसल्यामुळे पुढे काय करायचं तेही कळेना. शनिवारी घरी गेले तेव्हा मी न विचारता तेल गरम केलं आणि तिचा गुडघा चोळायला बसले. ती म्हणाली, “डावा न्हाई, उजवा दुखतो.” एवढ्यावर ते मिटलं.

जादा तास सुरू झाले. यादीत अकरा नंबर होते, आलो आम्ही चौघं. सकाळी सातला हिंगोलीत दुधाच्या गाड्या आणि आम्हीच असायचो. मॅडम चार जणांनाही साठ जणांसारखं शिकवायच्या, फक्त ‘मागच्या बाकावर कोण बोलतंय’ एवढं म्हणता येत नव्हतं.

आणि पहिल्याच रविवारी, पापड नको असं तीनदा सांगूनही, आत्या मॅडमच्या दारात उभी. सोबत पोळपाट, लाटणं, घरी भिजवून कुटून आणलेला उडदाचा गोळा, आणि ओझं उचलायला मी. मॅडमनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात पेपर तपासायची लाल पेन होतं.

“मावशी, मी नको म्हटलं होतं.”

“तुमी म्हटलं. पन मंग तुमचे दिस आमच्यावर चढून ऱ्हातील, ते बराबर दिसतं का?”

मॅडम दारातून बाजूला झाल्या. गच्चीवर चादरी पसरल्या. दोन तास बसून बघितल्यावर मॅडमना राहवेना, त्यांनीही एक लाटणं घेतलं. त्यांचा पहिला पापड ऑस्ट्रेलियासारखा झाला, दुसरा आफ्रिकेसारखा. आत्याने दोन्ही उचलून बघितले आणि मोठ्या आदराने म्हणाली, “मॅडमबाई, तुमी शिकवा. लाटू नका.” मी मान वळवून हसले. मॅडम तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. संध्याकाळी निघताना त्यांनी विचारलं, सावड फिटली का? आत्या म्हणाली, “पुढच्या रईवारी शेवया झाल्या की फिटली.”

एप्रिलच्या शेवटी दुसरी यादी लागली. मी लांबूनच लाल रंग शोधत होते. सत्तेचाळीस नंबर तिथे नव्हता. ऑफिसात जाऊन विचारलं तर बाबू म्हणाले, “शहात्तर. एक टक्का फालतू केला.” पेपर सुटले. गॅप नव्हताच. तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला आणि नूतनीकरणाचा फॉर्म भरला तेव्हा बाबूंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. हिरव्या अक्षरात ‘स्वीकृत’ असं आलं होतं. आई-बाप नसलेल्या त्या पोर्टलवर मला पहिल्यांदाच माया आली.

घरी गेले तेव्हा सगळे ओसरीवर होते. मी सांगितलं, फॉर्म मंजूर झाला, खाट राहिली, शेवटचं वर्ष वसतिगृहातूनच. आईने साखर आणली. बाबा म्हणाले, “बरं झालं,” आणि उगीचच उठून बैलाला पाणी दाखवायला गेले. त्यांना आनंद झाला की ते असंच काहीतरी काम काढतात.

आत्याने मला पंच्याहत्तर टक्क्यांचं परत एकदा विचारून घेतलं. मी सांगितलं, शंभर तासांतले पंच्याहत्तर बसावंच लागतं.

“म्हंजे रुपयातले बारा आने,” ती म्हणाली.

“हो.”

“बारा आने तू गेलीच पायजे.”

“हो.”

“उरलेले चार आने तू न्हाई गेली तर कोनी काही म्हनत न्हाई?”

“नाही म्हणत.”

ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “मंग त्या चार आन्यात मी जाऊ का? हजेरी नगं लावू म्हनावं. निस्ती बसते.”

चौथीनंतर ज्या बाईची शाळा सुटली ती ही बाई, आणि तिला मी काय बोलले होते ते मला शब्दनशब्द आठवलं. मी तर समजत होते की ती माझी हजेरी भरायला गेली होती. ती पहिल्या दिवशी माझ्यासाठी गेली असेल. हजेरी लागणार नाही हे कळल्यावरही ती बसून राहिली, ते माझ्यासाठी नव्हतं. आणि हे विचारायला तिने माझा फॉर्म मंजूर होईपर्यंत वाट बघितली होती.

मला रडू येतंय असं वाटलं की मी चिडते, ती खोड अजून गेलेली नाही. मी चिडूनच म्हणाले, “जा ना. मी मॅडमना सांगते. पण पहिल्या बाकावर नको, मागे बसत जा.”

“मागं काहून?” आत्या म्हणाली. “मागून मला फळा दिसत न्हाई.”